सॅक्रामेंटोच्या काठावर गोल्ड रश पाहायला जाताना

मुलगा किंवा मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात आणि आई-बाबा उन्हाळ्यात तीन-चार महिने तिकडे, हे नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत आता घरोघरी झालं आहे. गोल्डन गेट होतो, योसेमिटी होतं, लेक टाहोला जाताना वाटेत सॅक्रामेंटोला तासभर थांबणंही होतं. तो तासभर बहुतेकांचा वाया जातो. घोडागाडीपाशी फोटो, लाकडी फळ्यांच्या फुटपाथवरून एक फेरी, टॉफीच्या दुकानात वीस मिनिटं आणि गाडीत बसल्यावर एकच शेरा: "सगळं नवंच बांधलंय की!" शेरा अर्धा खरा आहे. ओल्ड सॅक्रामेंटोतल्या बऱ्याच इमारती 1960 च्या दशकापासून पुढे दुरुस्त केलेल्या किंवा मुळाबरहुकूम पुन्हा उभारलेल्या आहेत. पण त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिची उंची आणि शेजारून वाहणारी नदी, या दोन गोष्टींत 1849 ते 1870 चा, म्हणजे सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे झुंबड उडाली त्या गोल्ड रशचा आणि त्यानंतरचा इतिहास जसाच्या तसा आहे. सराफ बाजारात पुराचं पाणी शिरताना पाहिलेल्या माणसाला तो वाचायला जड जात नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. या काठावर सोनं कधी निघालं नाही. ते निघालं तासाभराच्या अंतरावर डोंगराकडे, कोलोमाला. सॅक्रामेंटो हा त्या सोन्याचा धक्का आणि बाजार. माणसं, घमेली, पीठ, दारू इथे उतरायची आणि सोन्याची भुकटी इथून खाली सॅन फ्रान्सिस्कोला जायची. त्यामुळे इथे खाण शोधत फिरू नका. व्यापार आणि पाणी यांचं भांडण शोधा.

नाशिकमध्येच करून ठेवायची तयारी

निघण्याआधी एक सकाळ गोदाघाटासाठी काढा. दुतोंड्या मारुतीपाशी उभं राहा. पाणी या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, यावरून आपण पूर मोजतो. तिथून चालत सराफ बाजारात या आणि जुन्या पेढ्यांची जोती, पायऱ्या, उंबरे किती उंच आहेत ते बघा. एखाद्या जुन्या पेढीवर विचारलंत तर 1969, 2008 आणि 2016 चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. मग शेजारच्या भांडी बाजारात डोकावा. दर काही वर्षांनी पाणी येतं हे ठाऊक असून हा बाजार इथून का हलत नाही? घाट इथे आहे, गिऱ्हाईक इथे आहे, म्हणून. हाच प्रश्न सॅक्रामेंटोला विचारायचा आहे, आणि तिथल्या लोकांनी दिलेलं उत्तर मात्र अगदीच वेगळं आहे.

दुसरी तयारी पाच मिनिटांची. रामकुंडात दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. तसाच एखादा चुंबक कागदात गुंडाळून गोदावरीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. कागदाला काळी बारीक पूड चिकटेल. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या बेसाल्टमधून झिजून आलेलं. कॅलिफोर्नियातल्या खाणकऱ्याच्या घमेल्यातही शेवटी अशीच काळी वाळू उरायची, आणि सोनं असलंच तर तिच्यातच असायचं. आपल्याकडे ते नसतं, कारण आपला खडक लाव्हाचा. तिकडे सिएरा नेवाडा पर्वतात गारेच्या शिरांमध्ये सोनं होतं. लाखो वर्षांत त्या शिरा झिजल्या आणि कण नद्यांच्या वळणांवर, मोठ्या धोंड्यांच्या आड साचत गेले. चुंबक सामानात टाका, पुढे लागेल.

नातू किंवा नात तिकडे चौथीत असेल तर फारच उत्तम. आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती, तसा कॅलिफोर्नियात चौथीला गोल्ड रश. तिचं पुस्तक आधी चाळा आणि मग तिलाच गाईड करा.

एवढ्या तारखा पुरेत

24 जानेवारी 1848 ला जेम्स मार्शल या सुताराला कोलोमाला, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर लाकडाची गिरणी बांधताना पाटात सोन्याचे कण दिसले. गिरणी जॉन सटरची. हा स्वित्झर्लंडचा नागरिक 1839 मध्ये आला होता आणि नदीपासून दोनेक मैल आत, जरा उंचावर किल्ला बांधून राहत होता. सॅम ब्रॅनन या दुकानदाराने मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोन्याची बाटली नाचवत बोभाटा केला, अर्थात आपल्या दुकानात घमेली आणि फावडी भरून घेतल्यावरच. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी बातमीवर शिक्कामोर्तब केलं आणि 1849 मध्ये जगभरातून लोंढे निघाले. पुढच्या काही वर्षांत साधारण 3 लाख माणसं आली. 1850 मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं, 1854 पासून सॅक्रामेंटो राजधानी आहे.

यातली पाहण्यासारखी गोम अशी. थोरल्या सटरला शहर काही मैल खाली, उंच जमिनीवर हवं होतं. त्या जागेला त्याने सटरविल असं नावही दिलं होतं. पण जहाजं थेट लागत होती ती दोन नद्यांच्या संगमालगतच्या सखल काठाला. ब्रॅनन आणि इतर व्यापाऱ्यांनी सटरच्या मुलाला पटवलं आणि शहराची आखणी काठावरच झाली. अमेरिकन नदी आजही थोडं उत्तरेला सॅक्रामेंटो नदीला मिळते. संगमावरचा बाजार म्हणजे गिऱ्हाइकाची सोय आणि पाण्याची धास्ती दोन्ही. जानेवारी 1850 मध्ये, शहर वसून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच सगळं पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा, नोव्हेंबर 1852 मध्ये जवळपास सगळं शहर जाळणारी आग, आणि 1861-62 च्या हिवाळ्यात सगळ्यांत मोठा पूर. गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना शपथविधीला होडीतून जावं लागलं आणि विधिमंडळाने आपलं बिऱ्हाड तात्पुरतं सॅन फ्रान्सिस्कोला हलवलं.

कधी आणि कसं जायचं

एप्रिल-मे किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 38 च्या पुढे सहज जातो. ऊन नाशिकच्या एप्रिलसारखंच, पण हवा जास्त कोरडी, त्यामुळे घाम जाणवत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं. उन्हाळ्यातच जायचं असेल तर बाहेरचं फिरणं अकराच्या आत उरका आणि दुपार संग्रहालयात काढा. संध्याकाळी खाडीकडून गार वारा सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस आणि दाट धुकं. नदी फुगलेली पाहायची असेल तरच तेव्हा जा.

मुलांच्या गाडीने फ्रीमाँट-सनीव्हेलकडून दोन ते अडीच तास, पण शुक्रवारी दुपारनंतर जाताना आणि रविवारी संध्याकाळी परतताना टाहोची गर्दी लागते आणि हिशेब पार बिघडतो. मंगळवार-बुधवार सर्वांत बरा. मुलं कामावर असतील तर कॅपिटल कॉरिडॉर ही ॲमट्रॅकची रेल्वे घ्या. सॅन होजे, सांता क्लारा, फ्रीमाँट, ओकलंड, एमरीव्हिल, रिचमंड या ठिकाणी थांबते. रिचमंडला बार्ट या तिकडच्या लोकलमधून उतरून ती पकडता येते. ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते, तिकीट काढताना तो पर्याय निवडायला विसरू नका. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा. रिचमंडनंतर सॅन पाब्लोचा उपसागर आणि कार्किनेझची सामुद्रधुनी अगदी रुळांलगत येते. 1849 मध्ये जहाजं आणि आगबोटी याच पाण्याने वर गेल्या. म्हणजे इतिहासाचा पहिला धडा गाडीतच होतो, तेव्हा फोनवर मान घालून बसू नका.

सॅक्रामेंटो स्टेशनवर फलाटापासून मुख्य इमारतीपर्यंतच चाल बरीच आहे, आणि तिथून ओल्ड सॅक्रामेंटो आणखी दहा मिनिटं. गुडघे कुरकुरत असतील तर हे अंतर आधीच धरून चाला.

पत्ते समजायला सोपे आहेत. नदीला समांतर रस्ते आकड्यांचे: काठावरचा फ्रंट स्ट्रीट, मग सेकंड. त्यांना छेदणारे अक्षरांचे: उत्तरेकडून आय, जे, के, एल. संपूर्ण परिसर 28 एकरांचा, दहा मिनिटांत आडवा पार होतो. पलीकडे डोक्यावरून पाच नंबरचा महामार्ग जातो. त्याच्या पूर्वेचं जुनं शहर याच महामार्गाच्या आणि नव्या बांधकामांच्या पायी गेलं.

पायात पकड असलेले बूट हवेत. फुटपाथच्या फळ्या कुठे वर आल्यात, कुठे दोन फळ्यांत फट आहे, आणि रस्ते दगडगोट्यांचे. चप्पल, सपाट सँडल, काठीचं बारीक टोक या तिन्हींची इथे फजिती होते. काठी वापरत असाल तर खाली रुंद रबरी बूच लावून घ्या. व्हीलचेअर चालते, पण फुटपाथवर चढायला सगळीकडे उतार नाहीत, काही ठिकाणी वळसा घ्यावा लागतो.

काठावरून सुरुवात

सगळे जण आधी दुकानांकडे वळतात. तुम्ही सरळ फ्रंट स्ट्रीट ओलांडून पाण्यापाशी जा. पाठ शहराकडे, तोंड नदीकडे. 1849-50 मध्ये या काठाला जहाजांची रांग लागलेली असे. खलाशी खाणींकडे पळून गेले, मग तीच गलबतं काठाला बांधून गोदामं, दुकानं, खाणावळी म्हणून वापरली गेली. ला ग्रांज नावाच्या एका गलबताचं तर तुरुंग केलं होतं. आता वळून शहराकडे बघा. तुम्ही जिथे उभे आहात त्या पातळीवरून रस्ता आणि इमारती कशा वर चढत गेल्यात ते लक्षात ठेवा. हा चढ निसर्गाचा नाही, माणसाने टाकलेल्या भरावाचा आहे.

त्याच काठावर दिसणाऱ्या दोन मोठ्या गोष्टींनी फसू नका. डेल्टा किंग ही पांढरी आगबोट 1927 ची, आणि सोनेरी टॉवर ब्रिज 1935 चा. दोन्ही देखणे आहेत, फोटो जरूर काढा, पण गोल्ड रशशी त्यांचा संबंध नाही. पुलाचा सोनेरी रंग तर या शतकातला. रिव्हेट ठोकलेल्या जीन्सचंही तेच. त्यांचं पेटंट 1873 चं, म्हणून 1849 चा खाणकरी जीन्समध्ये दाखवणारं चित्र दिसलं की ओळखावं, कुणीतरी घाई केली आहे.

फ्रंट स्ट्रीटवरच ईगल थिएटर आहे, 1849 मधल्या लाकूड-कापडी नाट्यगृहाची प्रतिकृती. कॅलिफोर्नियात नाटकासाठी म्हणून बांधलेलं हे पहिलं घर, आणि तीनेक महिन्यांत पुराने बंद पाडलेलं. कापडाच्या भिंती पाहिल्या की 1852 ची आग एवढी का भडकली ते वेगळं सांगावं लागत नाही. त्या आगीतून वाचलेली लेडी ॲडम्स ही विटांची इमारत के स्ट्रीटवर आहे. सेकंड आणि जे स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हेस्टिंग्ज इमारत 1853 ची. पोनी एक्सप्रेसचं पश्चिमेचं टोक इथे होतं. एप्रिल 1860 ते ऑक्टोबर 1861, जेमतेम दीड वर्ष चाललेली ही टपाल सेवा. तारयंत्र आलं आणि घोडे थांबले. समोर घोडेस्वाराचा पुतळा आहे. इथे पाच मिनिटं पुरतात.

जमिनीखालचं शहर

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण सॅक्रामेंटो हिस्टरी म्युझियमची भुयारी सहल सोडू नका. म्युझियम आय स्ट्रीटच्या टोकाला नदीजवळ आहे. 1854 च्या नगरपालिका आणि पाणीपुरवठा इमारतीची ती प्रतिकृती. सहलीची तिकिटं मर्यादित असतात, शनिवार-रविवारी आयत्या वेळी मिळत नाहीत, आणि वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं. म्युझियमच्या संकेतस्थळावर आधी बघून सकाळची वेळ पकडा.

1862 च्या पुरानंतर शहरापुढे दोन मार्ग होते, उठून जायचं किंवा वर जायचं. व्यापाऱ्यांनी वर जायचं ठरवलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना विटांच्या भिंती घातल्या आणि मधली पोकळी माती-वाळूने भरून रस्ता साधारण 10 फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त उचलला. रस्ता नगरपालिकेने उचलायचा, इमारत मात्र ज्याची त्याने, स्वतःच्या खर्चाने. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी भिंतींखाली शेकडो स्क्रू-जॅक लावले. शिट्टी झाली की सगळ्या मजुरांनी एकाच वेळी थोडा थोडा आटा फिरवायचा, कारण एक कोपरा पुढे गेला की विटांच्या भिंतीला तडा. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी तळमजला तळघर म्हणून सोडून दिला आणि वरच्या मजल्याला दार काढलं. रस्ता आणि इमारत यांच्या मधली फट वर फळ्या-विटा टाकून झाकली, तो फुटपाथ झाला. खाली राहिली पोकळी. तुम्ही चालता ते त्या पोकळीतून. हे काम 1870 च्या दशकापर्यंत चाललं.

खाली गेल्यावर तीन गोष्टी शोधा. विटांच्या भिंतीत बुजवलेली दारं आणि खिडक्या, म्हणजे एकेकाळची रस्त्याकडची दुकानं. दोन तऱ्हेच्या विटांचा सांधा, म्हणजे इमारत उचलल्यावर खाली घातलेली नवी भिंत. आणि पायाखालची मूळ पातळी. आता डोक्यावरचा फुटपाथ बघा आणि दुतोंड्या मारुती आठवा: नाशिकने पूर मोजायला दगड ठेवला, सॅक्रामेंटोने अख्खी पेठ उचलली.

सहल साधारण तासाभराची. जमीन खडबडीत, काही भाग बुटके, बसायची सोय नाही. बंद जागेची भीती वाटत असेल किंवा तासभर उभं राहवत नसेल तर हाच प्रकार वरूनही निम्माशिम्मा दिसतो. सेकंड स्ट्रीटच्या इमारतींच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जा; त्या बऱ्याच अंशी जुन्याच पातळीला आहेत. मागून इमारत एक मजला जास्त उंच दिसते. पुढून दोन मजली, मागून तीन मजली, हे एकदा लक्षात आलं की दर कोपऱ्यावर तेच दिसू लागतं.

घमेल्यातलं सोनं

म्युझियममध्ये वजनकाटे, भुकटी ठेवायच्या पिशव्या आणि खरं सोनं आहे. इथे आपल्या मापात हिशेब करून पाहा. ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून थोडं जास्त. सरकारी भाव औंसाला 20.67 डॉलर, पण सॅक्रामेंटोच्या दुकानात खाणकऱ्याच्या भुकटीला बहुधा 16 च मिळायचे. चिमूटभर भुकटी म्हणजे एक डॉलर असा व्यवहार चाले, आणि चिमूट दुकानदार घ्यायचा. कोणाचा अंगठा जाड होता ते सांगायला नको. पैसा तिथल्या भांडी बाजाराने, म्हणजे सामान विकणाऱ्या दुकानदारांनी कमावला. स्टॅनफर्ड किराणावाले, क्रॉकर कापडवाले, हंटिंग्टन आणि हॉपकिन्स लोखंडी सामानवाले, चौघेही याच पेठेतले. हंटिंग्टन-हॉपकिन्स दुकानाची प्रतिकृती रेल्वे म्युझियमच्या शेजारी आहे. फावडी, कुदळी, दोऱ्या, खिळे यांची मांडणी नीट पाहा.

घमेल्याने सोनं धुऊन बघायची संधी म्युझियमच्या उपक्रमांत किंवा कोलोमाला मिळते. तांदूळ रोळता येत असतील त्यांना ही कला निम्मी आधीच येते, तत्त्व तेच: हलवलं की जड ते तळाला बसतं. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड, साधी वाळू 2.65 पट, काळी वाळू साधारण 5 पट. म्हणूनच साधी वाळू पटकन जाते आणि काळी शेवटपर्यंत चिकटून राहते.

पद्धत अशी. घमेलं दोन-तृतीयांश भरा आणि पूर्ण पाण्यात बुडवा. चिकणमातीची ढेकळं बोटांनी चुरडून पाण्यात सोडा, कारण ढेकूळ घरंगळत बाहेर गेलं की आतलं सोनंही गेलं. मोठे खडे धुऊन बाहेर टाका. आता घमेलं पाण्याखालीच सपाट धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवा, 10-15 सेकंद. मग पुढची कड थोडी खाली करा, धारी असलेलं घमेलं असेल तर धारी पुढच्या बाजूला घ्या, आणि पाण्याला वरचा थर हळूच वाहून नेऊ द्या. पुन्हा सपाट, पुन्हा हलवणं, पुन्हा तिरकं. तळाशी दोन चमचे काळी वाळू राहिली की थांबा, ओंजळभर पाणी ठेवून घमेलं हलकेच गोल फिरवा. काळी वाळू पंख्यासारखी पसरते आणि तिच्या शेपटीला पिवळा कण मागे राहतो. वाळू सुकवून चुंबक फिरवला की काळी पूड उचलली जाते, सोनं तसंच राहतं. चुंबकावर प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर पूड सुटता सुटत नाही.

चुका ठरलेल्या. पहिली, नुसतंच तिरकं करत राहणं. मधूनमधून सपाट हलवलं नाही तर जड कण तळाला बसतच नाहीत आणि वाळूबरोबर निघून जातात. दुसरी, पाण्याच्या वर हलवणं. वाळू सैल न होता घट्ट बसते. तिसरी, आणि आपल्या लोकांची खास, तेलकट हात. सनस्क्रीन, हातावरचं क्रीम, खोबरेल तेल यांमुळे बारीक कण पाण्यावर तरंगतात आणि काठावरून निसटतात. डब्यातल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या नंतर खा.

पर्यटकांसाठीच्या हौदातल्या वाळूत चकाकणारे खडे आधीच मिसळलेले असतात, बहुतेक पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं खनिज. ओळख सोपी. कण सावलीत घ्या: सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं, पायराइट फिरवलं की एका कोनात चमकतं आणि दुसऱ्यात काळवंडतं. सुईने दाबा: सोनं चेपतं, पायराइटचा भुगा होतो.

काचेच्या छोट्या बाटलीत तरंगणारे सोन्याचे पापुद्रे सगळीकडे विकायला असतात. आत बहुधा वर्खाचे तुकडे असतात. नातवाला आठवण म्हणून घ्या, धातूची किंमत म्हणून नको.

रेल्वे म्युझियम आणि उरलेला हिशेब

कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियमला दोन तास द्या. वर सांगितलेल्या चार दुकानदारांनीच थिओडोर ज्युडा या अभियंत्याच्या आखणीवर सेंट्रल पॅसिफिक रेल्वे उभारली. 8 जानेवारी 1863 ला काम सुरू झालं ते इथेच, के स्ट्रीटच्या टोकाला, आणि 10 मे 1869 ला यूटामध्ये रूळ जुळले. आत त्या कंपनीचं पहिलं इंजिन 'गव्हर्नर स्टॅनफर्ड' आहे. चिनी मजुरांचा भाग घाईत सोडू नका. सिएरातला अवघड घाट मुख्यतः त्यांनी फोडला. यांच्याच आधी आलेल्या भाईबंदांवर खाणीत परदेशी म्हणून दरमहा कर होता. 1850 मध्ये 20 डॉलर, तो रद्द होऊन 1852 पासून 3.

दुकानांच्या पाट्यांवर दिसत नाहीत अशा दोन गोष्टी ध्यानात ठेवून फिरा. ही जमीन निसेनान आणि मिवोक लोकांची होती. सटरचा कारभार त्यांच्याकडून जबरीने करून घेतलेल्या कामावर चालला. कॅलिफोर्नियातली मूळ रहिवाशांची संख्या 1848 च्या सुमाराला दीड लाखाच्या आसपास होती, 1870 पर्यंत ती 30 हजारांवर आली. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली.

दुसरी गोष्ट खुद्द नदीची. वरवरचं सोनं संपल्यावर 1853 पासून तोफेसारख्या नळ्यांतून पाण्याचे फवारे मारून अख्खे डोंगर धुतले गेले. तो गाळ खाली आला, नदीचं पात्र वर आलं, पूर वाढले, शेतं गाळाखाली गेली. शेतकऱ्यांनी खटला भरला आणि 1884 मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला बंदी केली. सोन्याचे बारीक कण पकडायला पारा वापरत, तो मुख्यतः सॅन होजेजवळच्या न्यू अल्माडेन खाणीतून येई. अल्माडेन भागात मुलांचं घर असेल तर ही खाण आणि तिचं म्युझियम तुमच्या दारातच आहे. तो पारा अजून गाळात आहे. म्हणून इथल्या नदीतले मासे खाण्याबाबत सरकारी सूचना असतात, त्या पाळा. कुठे घमेल्यात रुपेरी थेंब दिसला तर हात लावू नका.

खाणं आणि कोलोमा

शाकाहारी माणसाला परिसरात सँडविच, पिझ्झा, फ्रेंच फ्राइज एवढंच नक्की मिळतं. सूप घेताना चिकनचं किंवा शिंपल्यांचं नाही ना, ते विचारा. टॉफीत काही ठिकाणी जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा बलक असतो, तेही विचारा. दशम्या आणि चटणी सोबत असली की दुपार निर्धास्त; नदीकाठच्या बाकांवर बसून खाता येतं. आंबूस सावरडो पाव मात्र चाखा, त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोचा आहे आणि पूर्ण शाकाहारी.

दुसरा दिवस हाताशी असेल तर कोलोमाचं मार्शल गोल्ड डिस्कव्हरी पार्क. रेल्वे जात नाही, गाडी हवीच. 50 नंबरच्या महामार्गाने प्लेसरव्हिल, तिथून 49 नंबरचा. गिरणीची प्रतिकृती, चिनी दुकानदारांच्या दगडी इमारती, आणि टेकडीवर मार्शलचा पुतळा, ज्याचं बोट सोनं सापडलेल्या जागेकडे आहे. घमेलं धुवायला नदीपलीकडचा ठरवून दिलेला काठच वापरायचा, तोही फक्त हात आणि घमेल्याने. फावडं चालत नाही. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी गार आणि जोरात असते. घोट्याच्या वर पाण्यात शिरू नका आणि नातवंडांचा हात सोडू नका. तिथून परतून ओल्ड सॅक्रामेंटोची संग्रहालयं बघायची असतील तर दुपारी लवकर निघा, ती पाचच्या सुमाराला बंद होतात.